बारा तालुके, एक पट्टी : समाजशास्त्राच्या वर्गासाठी संख्याशास्त्र (प्रकल्प नोंदी)

९ जून

समाजशास्त्राच्या मुलांसाठी वर्णनात्मक संख्याशास्त्राचा छोटा पाठसंच करायचं काम आज हाती घेतलं. सहा आठवडे, आठवड्यातून दोन तास. वर्गात ३१ जण आहेत. निम्म्याहून जास्त मुलांनी दहावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलेलं नाही. पहिल्याच दिवशी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, गणित नको म्हणून तर समाजशास्त्र घेतलं." त्याला रागावले नाही. दोष त्याचा नव्हेच. आपण हा विषय सूत्रापासून शिकवायला घेतो, आणि माणसं मोजायची गरज का पडली हे सांगायचं राहूनच जातं.

ठरवलंय ते असं : एकही सूत्र आधी द्यायचं नाही. जमेल तिथे आकडे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे घ्यायचे. आणि सरावासाठी मी आकडे रचले असतील, तर त्या पानावर तसं ठळक लिहायचं. रचलेले आकडे खरे म्हणून मुलांच्या डोक्यात बसले की पुढे ते प्रबंधापर्यंत जातात.

१२ जून

पहिला सराव : चल (म्हणजे माणसागणिक बदलणारी, आपण नोंदवतो ती बाब) कोणत्या प्रकारचा, हे ओळखणं. ४० बायकांच्या मुलाखतींचं एक पान मी रचून दिलं. रकाने चारच : सामाजिक प्रवर्ग (१ ते ५ असे संकेतांक), घरच्या निर्णयांत मत विचारतात का (कधीच नाही ते नेहमी, असे पाच पर्याय), शाळेची वर्षं, वय. सगळ्या रकान्यांची सरासरी काढून आणा, इतकंच सांगितलं.

सगळ्यांनी आणली. प्रवर्गाची सरासरी २.६.

फळ्यावर २.६ लिहिलं आणि विचारलं, ही बाई कोण? थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग मागून हसू फुटलं. तिथून पुढचं फार सोपं गेलं. प्रवर्गाचा आकडा म्हणजे नुसती पाटी, खेळाडूच्या पाठीवरच्या नंबरासारखी. तो मोजता येतो, बेरजेत घेता येत नाही. त्याचा बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा, सांगा, टक्केवारी सांगा. 'कधीच नाही ते नेहमी' यात क्रम आहे, पण 'कधीच नाही' आणि 'क्वचित' यांतलं अंतर 'बहुतेकदा' आणि 'नेहमी' यांतल्या अंतराइतकंच आहे याची हमी कुणी दिली? तिथे मध्यक बरा, म्हणजे सगळे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. वय आणि शाळेची वर्षं मात्र खरी मापं, त्यांची सरासरी खुशाल काढा. मापांच्या पायऱ्यांची ही मांडणी एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये केली, हे शेवटी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मुलांनी नुसतं नाव पाठ केलं असतं.

दुसरा चकवा शाळेच्या वर्षांत होता. सरासरी आली १३.९, म्हणजे रचलेल्या पानातल्या बायका सरसकट पदवीच्या उंबरठ्यावर. तीन जणींनी उत्तर दिलेलं नव्हतं आणि तिथे ९९ लिहिलेलं होतं. ते तीन काढले की ३७ जणींची सरासरी बरोबर ७. मध्यक मात्र ९९ धरूनही फारसा हललेला नव्हता. मी स्वतः शिकत असताना एका खऱ्या सर्वेक्षणात हीच चूक केली होती आणि अहवाल बांधून झाल्यावर ती ध्यानात आली. म्हणून हा सराव पहिल्याच आठवड्यात घेतला. आधी रकाना वरून खाली डोळ्यांनी वाचायचा, मग यंत्राला हात लावायचा.

१६ जून

आज वर्गाचीच माहिती घेतली. घरातून कॉलेजला पोचायला किती वेळ लागतो? कुणी चालत येतं, कुणी केएमटीनं (शहर बसनं), बरीच मुलं एसटीनं. चिठ्ठ्या गोळा करून वारंवारता सारणी मांडली, तर सगळी माहिती चार-पाच ठिकाणी गोळा झालेली : १५, ३०, ४५, ६०, ९०. मधल्या मिनिटांवर जवळजवळ कुणीच नाही.

एका मुलीने कारण बरोबर हेरलं. "मॅडम, आपण चाळीस मिनिटं म्हणतोच कुठं? पाऊण तास म्हणतो."

खरंच आहे. आपल्या भाषेत वेळ अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशा ठोकळ्यांत येतो. अडतीस मिनिटं लागणाराही पाऊण तास म्हणतो आणि पन्नास लागणाराही पाऊण तासच म्हणतो. म्हणजे आमचा बहुलक प्रवासाबद्दल जितकं सांगतो, तितकंच आमच्या बोलण्याबद्दलही सांगतो. जनगणनेत वयाचं असंच होतं. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नसते ते तीस, पस्तीस, चाळीस सांगतात आणि शून्य-पाचवर संपणाऱ्या वयांचे उंचवटे तयार होतात. ते मोजायला लोकसंख्याशास्त्रात व्हिपल निर्देशांक आहे : २३ ते ६२ या वयोगटात ० आणि ५ वर संपणारी वयं अपेक्षेच्या किती टक्के भरली हे पाहायचं. १०० आला तर गोल आकड्यांकडे ओढ नाही. ५०० आला तर सगळ्यांनी गोल आकडाच सांगितला.

१९ जून

कालच्या रात्री आयतालेखाचं (हिस्टोग्रामचं) पान तयार करताना अडले. वर्गांतर ०–१५, १५–३०, ३०–४५ असं पाडलं की सगळे ढीग नेमके सीमेवर बसतात. तीस मिनिटंवाला डावीकडे घ्या, आकृती एक. उजवीकडे घ्या, आकृती दुसरीच. म्हणून वर्गांतर सरकवले : ८–२२, २३–३७, ३८–५२, ५३–६७. आता 'पाऊण तास' आपल्या गटाच्या मधोमध येतो, आणि पाऊण तास म्हणणाऱ्याच्या मनात खरोखर जितका वेळ असतो तो सगळा त्या गटात मावतो. पुस्तकात वर्गांतर कसे पाडायचे याचे नियम असतात, पण लोक बोलतात कसे हे ज्याने ऐकलंय त्यालाच हा बदल सुचेल. समाजशास्त्राच्या मुलांची ती जमेची बाजू आहे, आणि हे त्यांना मी तोंडावर सांगितलं.

२४ जून

मुख्य माहितीसंच नक्की केला : २०११ च्या जनगणनेतली जिल्ह्याच्या बारा तालुक्यांची लोकसंख्या. मुलांनी फाईल उघडली आणि पहिला गोंधळ 'बावडा' वर झाला. जनगणनेत गगनबावडा तालुका नुसता 'बावडा' म्हणून येतो, आणि शहरातल्या मुलांना बावडा म्हटलं की शहरातला कसबा बावडाच दिसतो. गगनबावडा तालुक्यातून येणारी एकच मुलगी वर्गात आहे. ती म्हणाली, "तो आमचा आहे."

चढत्या क्रमाने लावून घेतले : गगनबावडा ३५,७७२, आजरा १,२०,२६५, भुदरगड १,५०,३६८, शाहूवाडी १,८५,६६१, चंदगड १,८७,२२०, राधानगरी १,९९,७१३, गडहिंग्लज २,२५,७३४, पन्हाळा २,५९,४१७, कागल २,७५,३७२, शिरोळ ३,९१,०१५, हातकणंगले ८,०७,७५१, करवीर १०,३७,७१३. बेरीज ३८,७६,००१, जिल्ह्याच्या आकड्याशी तंतोतंत. बेरीज जुळवून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवलाय.

सरासरी ३,२३,०००. मध्यक म्हणजे सहाव्या-सातव्याच्या मधला, २,१२,७२३.५. सरासरीच्या वर फक्त तीन तालुके, खाली नऊ. "सरासरीपेक्षा कमी म्हणजे मागे पडलेला" असं आपण सहज बोलून जातो. इथे बारापैकी नऊ जण सरासरीच्या खाली आहेत, आणि त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही. करवीरमध्ये कोल्हापूर शहर आहे, हातकणंगल्यात इचलकरंजी. बाकी काही नाही.

२६ जून

शाहू जयंती. सकाळी दसरा चौकात पुतळ्याला अभिवादन करून आले. तास नव्हता, तरी सातआठ जण थांबले, म्हणून टक्केवारीचा पाठ आजच घेतला.

१८९४ साली महाराज गादीवर आले, तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. १९१२ मध्ये ९५ पैकी ३५. नुसतं "६० चे ३५ झाले" म्हटलं तर अर्धीच गोष्ट कळते, कारण छेदही बदललाय. ८४.५ टक्क्यांवरून ३६.८ टक्के. आणि उरलेल्यांकडून बघितलं तर ११ चे ६० झाले.

मधे २६ जुलै १९०२ चा आदेश आहे : यापुढे भरायच्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांसाठी. मुलांना इथे थांबवलं. पन्नास टक्के कशाचे? सगळ्या जागांचे नव्हेत, रिकाम्या होणाऱ्या जागांचे. आधीच भरलेलं जे आहे ते एक, आणि दरवर्षी नव्याने येणारं दुसरं. आरक्षणावर चहाच्या गाड्यावर रोज वाद झडतात, पण टक्के कशाचे हे विचारणारा क्वचित भेटतो. महाराजांच्या आदेशात मात्र छेद स्वच्छ लिहिलेला आहे. आज हा पाठ त्यांच्या गावात शिकवताना मला फार बरं वाटलं.

२९ जून

संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा जन्मदिवस, म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी दिन. घरीच होते. पट्टीला खुणा करत बसले.

१ जुलै

फसलं.

सरासरी म्हणजे तोलबिंदू, हे हाताने दाखवायचं होतं. सव्वा मीटरभर लाकडी पट्टी घेतली, एक लाख म्हणजे दहा सेंटीमीटर असं प्रमाण धरलं आणि कपड्यांचे बारा चिमटे आपापल्या जागी लावले. गगनबावडा साडेतीन सेंटीमीटरच्या खुणेवर, करवीर जवळजवळ एकशे चारवर. बोटावर तोलली तर पट्टी ३२ च्या खुणेवर तोलायला हवी. ती तोलली जवळपास मधोमध. मुलं माझ्याकडे बघत राहिली.

कारण घरी जाताना रिक्षात सुचलं : चिमटे पाच-पाच ग्रॅमचे, आणि पट्टीच अर्ध्या किलोच्या वर. तोलत होतं ते पट्टीचंच वजन, तालुके नव्हेत.

३ जुलै

आज जमलं. पट्टीऐवजी वायरिंगची प्लास्टिकची पोकळ नळी घेतली, अगदी हलकी. चिमट्यांऐवजी पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बारा बाटल्या, सुतळीने टांगलेल्या. शाहूवाडी आणि चंदगड यांच्या खुणा दीड मिलिमीटरच्या अंतरावर आहेत, त्यामुळे बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. शिपाईमामांनी सुतळ्या लहान-मोठ्या करून बाटल्या वर-खाली केल्या आणि प्रश्न सुटला. व्हरांड्यातल्या हुकाला दोरी बांधून नळी लटकवली आणि दोरीचा फास हळूहळू सरकवत नेला.

तेहेतीसच्या खुणेशी नळी आडवी झाली. गणिताने ३२.३, उरलेला फरक नळीच्या वजनाचा. फासाच्या एका बाजूला नऊ बाटल्या दाटीवाटीने, दुसऱ्या बाजूला तीन, आणि त्यातली करवीरची पार टोकाला, एकटी. बारकी मुलंसुद्धा सी-सॉवर हेच करतात, जड गडी जवळ आणि हलका लांब. इथे सगळ्या बाटल्या सारख्याच जड आहेत, जोर आहे तो अंतराचा.

मग करवीरची सुतळी सोडली. नळी धाडकन डावीकडे कलली. फास सरकवत पुन्हा तोल साधला : उरलेल्या अकराची सरासरी २,५८,०२६. एक तालुका काढला तर सरासरी ६५ हजारांनी खाली. मध्यक १,९९,७१३, म्हणजे १३ हजारांनी खाली.

तेव्हा गगनबावड्याची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमचा काढला तर?"

हे मी ठरवलेलं नव्हतं. करवीर परत लावून गगनबावडा सोडला. नळी उजवीकडे कलली, पण थोडीच. कागदावर केलं : सरासरी ३,४९,११२, म्हणजे २६ हजारांनी वर. मध्यक २,२५,७३४. तो किती हलला? १३,०१०.५. मघाशी करवीर काढल्यावर किती हलला होता? तोही १३,०१०.५.

दोनदा तपासलं. बरोबर आहे. मध्यक मधल्या दोघांच्या बरोबर मध्यावर उभा असतो, म्हणून वरचा एक काढला तर तो खालच्यावर जातो, खालचा काढला तर वरच्यावर. काढलेला तालुका दहा लाखांचा होता की पस्तीस हजारांचा, याने त्याला काहीच फरक पडत नाही. सरासरीत करवीरचं वजन जास्त चालतं. मध्यकात गगनबावडा आणि करवीर, दोघांना एकेकच मत. अठरा वर्षं शिकवतेय, ही गोष्ट मी इतक्या स्वच्छ आकड्यांत कधी पाहिली नव्हती. ती त्या मुलीच्या प्रश्नाने दिसली, आणि पाठात तिच्याच नावाने ठेवणार आहे.

८ जुलै

प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप. प्रत्येक तालुका सरासरीपासून किती लांब, त्याचा वर्ग, वर्गांची सरासरी, मग वर्गमूळ. उत्तर २,८४,६०० च्या आसपास.

एका मुलाला २,९७,३०० आलं. चूक नव्हती, संगणकातलं वेगळं सूत्र वापरलं होतं. एक सूत्र बाराने भागतं, दुसरं अकराने. आपल्याकडे जिल्ह्यातले सगळेच्या सगळे तालुके आहेत, म्हणून बाराने भागायचं. हेच बारा जण मोठ्या समष्टीतून उचललेला नमुना असते तर अकराने. कोणतं वापरलं हे अहवालात लिहिलंच पाहिजे.

मग गाइडमधलं वाक्य आलं, की सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलनांत ९५ टक्के निरीक्षणं बसतात. वजाबाकी करून बघा म्हटलं. ३,२३,००० मधून ५,६९,२०० गेले. उणे अडीच लाखांच्या जवळ जाणारा तालुका! ते वाक्य घंटेच्या आकाराच्या वितरणासाठी आहे. आपल्या बारा तालुक्यांना उजवीकडे लांब शेपूट आहे. विचलनांच्या वर्गांची जी बेरीज आली, तिच्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा नुसत्या करवीर आणि हातकणंगल्याचा. इथे चतुर्थक (क्रमाने लावलेल्या यादीचे चार सारखे भाग पाडणारे आकडे) सांगणं प्रामाणिक : मधले सहा तालुके १.६८ लाख ते ३.३३ लाख यांच्यात आहेत.

१४ जुलै

पावसाने हजेरी निम्म्यावर. राधानगरीकडची मुलं आलीच नाहीत. जे आले त्यांचा एकच विषय, पाणी किती फुटांवर आहे.

पाठ आयता मिळाला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. कोल्हापुरात कुणी जुलैची सरासरी पातळी विचारतं का? विचारतात ते आजची, वाढतेय की उतरतेय ती, आणि सगळ्यात वर गेली ती. आकडा कोणता निवडायचा हे प्रश्न ठरवतो. नदीकाठच्या माणसाला सर्वोच्च आकडा लागतो, सरासरी त्याच्या काही कामाची नाही.

१८ जुलै

आजचा तास जड गेला, जायलाच हवा होता.

जिल्ह्याचं शून्य ते सहा वयोगटातलं लिंग गुणोत्तर : २००१ मध्ये हजार मुलग्यांमागे ८३९ मुली, २०११ मध्ये ८६३. सगळ्या वयांचं गुणोत्तर २०११ मध्ये ९५७. कुणी फक्त ९५७ सांगितलं तर जिल्हा बरा दिसतो, आणि शून्य ते सहा वयाच्या मुलींची गोष्ट त्याखाली झाकली जाते.

मग तीच माहिती टक्क्यांत लिहिली. मुलांमध्ये मुलींचा वाटा २००१ मध्ये ४५.६ टक्के, २०११ मध्ये ४६.३ टक्के. एकाने विचारलं, एवढ्याशा फरकाला काय अर्थ? निसर्गतः जन्मणारं प्रमाण हजारामागे सुमारे ९५० धरलं तर वाटा ४८.७ टक्के येतो. दोन-तीन टक्क्यांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. हजारामागे लिहिला की जवळजवळ शंभर मुलींची जागा रिकामी दिसते. दोन्ही आकडे खरे आहेत. मी मुलांना सांगितलं की या विषयात मी हजारामागेच लिहीन, आणि कारणही लिहीन. मुली गप्प होत्या. मीही जास्त बोलले नाही.

२३ जुलै

शेवटचा तास, एककाबद्दल, म्हणजे मोजताना 'एक' कशाला धरायचं याबद्दल. सर्वसाधारण तालुका सव्वादोन लाखांच्या आतला. पण सर्वसाधारण माणूस? करवीर, हातकणंगले आणि शिरोळ मिळून जिल्ह्यातले ५७.७ टक्के लोक. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं अशा तालुक्यांत राहतात जे सरासरीच्या वर आहेत. तालुके मोजले तर एक चित्र, माणसं मोजली तर दुसरं. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हीच मेख दाखवली. राज्यं एकक धरली तर परदेशात जन्मलेले लोक जिथे जास्त तिथे निरक्षरता कमी, आणि माणसं एकक धरली तर परदेशात जन्मलेल्यांतच ती थोडी जास्त. ते लोक जिथे शिक्षण बरं होतं अशा राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच.

अहवाल जमा झाले. दोघांनी अजून सरासरीला दोन दशांश स्थळं दिलीत, माणसांच्या संख्येला. परत दिले. गगनबावड्याच्या मुलीने दोन पानं लिहिलीत, आणि तक्त्याखाली वेगळी ओळ : "जनगणनेत 'बावडा' असे नाव असलेला तालुका म्हणजे गगनबावडा. तो वगळून काढलेले आकडे दुसऱ्या रकान्यात दिले आहेत. पहिला रकाना सर्व बारा तालुक्यांचा आहे."

बाटल्या मामांनी रिकाम्या करून खोक्यात ठेवल्यात. नळीवरच्या खुणा पुसू नका, असं सांगून आलेय.